कुलूप तपासणाऱ्यांचा इतिहास : काली लिनक्स आणि आपण



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसतात. मागच्या महिन्यात पॉलिटेक्निकला जाणारा एक मुलगा जुना लॅपटॉप उघडून बसला होता. काळी स्क्रीन, मागे ड्रॅगनचं चित्र आणि वर एकामागून एक पळणाऱ्या ओळी. अभ्यासिकेचं काम बघणारे एक ज्येष्ठ कार्यकर्ते मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हे हॅकिंगचं काम इथं नको. उद्या पोलीस आले तर जामीन कुणी राहायचं?" पोरगा म्हणाला, "काका, हे काली लिनक्स आहे. फुकट मिळतं, कायदेशीर आहे."

दोघंही निम्मे बरोबर होते आणि निम्मे चूक. काकांची भीती खोटी नाही. आपल्या पोराच्या हातात संशयास्पद काही दिसलं की काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं आहे. पण "बंद कर" हे उत्तरही मला पटलं नाही. एखादं ज्ञान अमुक लोकांच्या हाती गेलं तर धोका आहे, हे वाक्य आपल्या समाजाने फार ऐकलं आहे. म्हणून त्या रात्री ठरवलं की या काली लिनक्सचा इतिहास नीट मांडायचा. कुलूप मजबूत आहे की नाही हे तपासायचा अधिकार कुणाचा, या एकाच वादाभोवती हा इतिहास फिरतो.

वाद संगणकाच्या आधीचा आहे

१८५१ साली लंडनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. इंग्लंडच्या कुलपांचा तेव्हा मोठा दरारा होता. ब्रामा कंपनीने पिकाडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं आणि ते उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस जाहीर केलं होतं. कित्येक दशकं ते कुणालाच उघडता आलं नव्हतं. अमेरिकेतून आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या कुलूप कारागिराने आधी प्रसिद्ध चब कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं. मग ब्रामाचं कुलूप सुमारे पन्नास तास खपून उघडलं आणि बक्षीस मिळवलं.

इंग्लंडमध्ये गहजब झाला. लोक म्हणाले, असल्या गोष्टी उघड केल्या तर चोरांना शिक्षणच मिळेल. १८५३ मध्ये हॉब्जच्या माहितीवर आधारलेलं कुलपांवरचं एक पुस्तक निघालं. त्यात या आक्षेपाला उत्तर होतं. त्याचा आशय असा की चोर आपल्या धंद्यात तरबेजच असतात, त्यांना हे आधीपासून ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्या साध्या माणसाला. दोष लपवल्याने चोर अडत नाही, गिऱ्हाईक मात्र फसतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत तो पुन्हा पुन्हा येतो.

बंद खोलीतली तपासणी

१९६० च्या दशकात एकाच मोठ्या संगणकावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले. मग प्रश्न आला की एकाची फाईल दुसऱ्याने वाचली तर? हा प्रश्न सर्वांत आधी अमेरिकेच्या लष्कराला सतावू लागला. विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९७० मध्ये यावर अहवाल दिला. तो अहवालच गोपनीय होता. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी अमेरिकन हवाई दलासाठी दुसरा अहवाल लिहिला. आपल्याच यंत्रणेवर आपल्याच माणसांकडून हल्ला करवून घ्यायचा, ही पद्धत याच काळात रुजली. अशा पथकांना 'टायगर टीम' म्हणत.

१९७४ मध्ये पॉल कार्गर आणि रॉजर शेल या दोन हवाई दल अधिकाऱ्यांनी मल्टिक्स नावाची यंत्रणा तपासली. त्या काळात ती सर्वांत सुरक्षित यंत्रणांपैकी एक मानली जात होती. त्यांनी तिच्यात शिरून दाखवलं, चोरदरवाजा बसवता येतो हेही दाखवलं.

म्हणजे पेनिट्रेशन टेस्टिंगचा जन्म लष्कराच्या खोलीत झाला. मालकाच्या परवानगीने आत शिरायचं, कुठून शिरलो ते लिहून द्यायचं आणि मालकाने ते भोक बुजवायचं, एवढंच हे काम. पण हे ज्ञान, ही अवजारं आणि हे अहवाल एका छोट्या वर्तुळात फिरत राहिले. बँकेत खातं असलेल्या किंवा सरकारी यादीत नाव असलेल्या माणसाला त्यात जागा नव्हती.

सोर्स कोड खुला झाला

वर्तुळ फुटलं ते दुसऱ्या बाजूने. सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्यांचं म्हणणं असं की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते चालवण्याचा, आतून वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क असला पाहिजे. नुसतं म्हणून ते थांबले नाहीत. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना आणला. त्याची गंमत अशी की कॉपीराइटचाच कायदा वापरून त्याने उलटं काम केलं. तुम्ही हे सॉफ्टवेअर घ्या, बदला, पण पुढे वाटलंत तर हाच हक्क पुढच्यालाही द्यावा लागेल. हक्क स्वतः घ्यायचा आणि मागच्यासाठी दार बंद करायचं, ही सोय त्याने ठेवली नाही.

१९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल लिहायला घेतला आणि १९९२ मध्ये तो जीपीएलखाली आणला. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन सुरू केलं. जगभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. आजचं काली लिनक्स याच डेबियनच्या पायावर उभं आहे.

अवजारं चौकात आली

आता पुढची पायरी. १९९५ मध्ये डॅन फार्मर आणि वीट्से व्हेनेमा यांनी नेटवर्कमधल्या कच्च्या जागा शोधणारं एक अवजार सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. नाव ठेवलं 'सेटन', म्हणजे सैतान. पुन्हा तोच गहजब! १८५१ चाच आक्षेप नव्या कपड्यात आला. फार्मर यांना या प्रकरणात नोकरीही गमवावी लागली. ज्यांना नाव खटकेल त्यांच्यासाठी त्यांनी आत एक छोटी सोय ठेवली होती. एक आज्ञा दिली की 'सेटन'चं 'सँटा' व्हायचं. इंटरनेट बुडेल असं जे म्हणत होते त्यांचं भाकीत खरं ठरलं नाही. उलट अनेकांनी पहिल्यांदाच आपलं नेटवर्क तपासलं.

सप्टेंबर १९९७ मध्ये गॉर्डन लायन यांनी एनमॅप प्रसिद्ध केलं. एखाद्या संगणकाची कोणकोणती दारं उघडी आहेत, हे ते सांगतं. आजही कुठल्याही तपासणीची सुरुवात बहुधा त्यानेच होते. मे १९९८ मध्ये बॉस्टनच्या 'लॉफ्ट' गटातले सात तरुण अमेरिकन सिनेटसमोर बसले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की आम्ही अर्ध्या तासात इंटरनेट ठप्प करू शकतो. काल ज्यांना गुन्हेगार समजत होते त्यांनाच राज्यकर्त्यांनी साक्षीला बोलावलं, ही बाब छोटी नाही.

२००३ मध्ये एच. डी. मूर यांनी मेटास्प्लॉइट आणलं. एनमॅप दार उघडं आहे एवढं सांगतं, त्या दारातून खरंच आत जाता येतं का हे मेटास्प्लॉइट दाखवतं. २००९ मध्ये रॅपिड-७ कंपनीने ते विकत घेतलं, मूळ चौकट मात्र खुली राहिली. सगळ्यांच्या बाबतीत असं झालं नाही. १९९८ पासून खुलं असलेलं नेसस २००५ मध्ये बंदिस्त झालं. तेव्हा लोकांनी आधीचा खुला कोड घेऊन ओपनव्हास उभं केलं. परवान्यात लिहून ठेवलेला हक्क असा उपयोगी पडतो. तोंडी आश्वासनावर अवलंबून राहिले असते तर हात हलवत बसले असते.

व्हॉपिक्स ते काली

अवजारं खूप झाली, पण ती एकत्र करणं डोकेदुखी होती. प्रत्येकाला वेगळ्या फायली लागायच्या आणि एक बसवलं की दुसरं बिघडायचं. यावर तोड जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्समधून निघाली. ही २००० सालची लिनक्सची लाइव्ह सीडी. ती घाला, संगणक त्यावरूनच सुरू होतो आणि हार्ड डिस्कवर काहीही बसवावं लागत नाही.

माती अहारोनी यांनी ही कल्पना घेऊन २००४ मध्ये तपासणीच्या अवजारांनी भरलेली 'व्हॉपिक्स' सीडी काढली. २००५ मध्ये पाया बदलून तिचं 'वॅक्स' झालं. दुसरीकडे मॅक्स मोझर 'ऑडिटर' नावाचा असाच संच चालवत होते. एकाच कामासाठी दोन दुकानं कशाला, म्हणून दोघांनी २००६ मध्ये ते एकत्र केलं आणि 'बॅकट्रॅक' तयार झालं. (आपल्या गटातटांनी यातून काही शिकायचं असेल तर जरूर शिकावं!)

बॅकट्रॅक गाजलं, पण आतून खिळखिळं होतं. अवजारं कोंबलेली असायची, अपडेट करायला गेलं की काहीतरी तुटायचं. तेव्हा ऑफेन्सिव्ह सिक्युरिटीच्या चमूने अवघड निर्णय घेतला. नाव झालेलं असतानाही घर पाडून पुन्हा बांधायचं. डेबियनचे जाणते विकासक राफाएल हर्टझॉग यांची साथ घेऊन प्रत्येक अवजार डेबियनच्या शिस्तीने नव्याने बांधलं आणि प्रत्येक पॅकेजवर डिजिटल सही असेल अशी व्यवस्था केली. १३ मार्च २०१३ रोजी काली लिनक्सची पहिली आवृत्ती आली.

पुढचं थोडक्यात. २०१४ मध्ये अँड्रॉइड फोनसाठी नेटहंटर आलं. जानेवारी २०१६ पासून काली 'रोलिंग' झालं, म्हणजे नवी आवृत्ती येईपर्यंत न थांबता सतत अपडेट मिळू लागले. २०१७ मध्ये ते शिकवणारं अधिकृत पुस्तक फुकट खुलं झालं. आणि २०२० च्या पहिल्या आवृत्तीत एक जुनी सवय मोडली. तोवर काली सुरू केलं की तुम्ही थेट 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी असायचा. आता साधा वापरकर्ता म्हणून सुरुवात करावी लागते आणि जास्तीचा अधिकार गरजेपुरता मागून घ्यावा लागतो. सर्वाधिकार कायम एकाच्या हाती ठेवू नयेत, हे अखेर अवजार बनवणाऱ्यांनाही पटलं.

आज त्यात शेकडो अवजारं आहेत. पण काली म्हणजे जादू नव्हे. कालीत आहे ते बहुतेक सगळं कुठल्याही लिनक्सवर बसवता येतं. कालीने केलं ते एवढंच की सगळं एका जागी, नीट मांडून, सोर्स कोडसह कुणालाही दिलं.

परवानगीची रेषा

इथे आपल्या पोरांना स्पष्ट सांगतो. काली बाळगणं गुन्हा नाही. पण दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरणं आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेजाऱ्याचा वायफाय 'नुसता बघितला' हा बचाव नाही. "मी चांगल्या हेतूने केलं" हेही आधी परवानगी घेतली नसेल तर फार कामाला येत नाही.

खरी तपासणी कागदाने सुरू होते. कुठली यंत्रणा, किती दिवस, काय करायचं, काय करायचं नाही, हे मालकाच्या सहीनिशी लिहून घेतात. आणि तपासणी कागदानेच संपते. काय सापडलं, किती गंभीर आहे, दुरुस्त कसं करायचं, याचा अहवाल द्यावा लागतो. ऑफेन्सिव्ह सिक्युरिटीची ओएससीपी परीक्षा पावणेचोवीस तासांची असते. त्यानंतर आणखी चोवीस तास अहवाल लिहायला मिळतात. ज्याला लिहिता येत नाही तो या क्षेत्रात टिकत नाही. आपल्या पोरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आपल्या दारातला प्रश्न

कुणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध? संबंध भीमा कोरेगावचा आहे.

त्या खटल्यात सरकार पक्षाचा मोठा भर संगणकांत सापडलेल्या पत्रांवर आहे. आरोपी रोना विल्सन यांच्या डिस्कची प्रत न्यायालयीन प्रक्रियेतून बचाव पक्षाला मिळाली आणि ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या आर्सेनल कन्सल्टिंगने तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला. त्यात म्हटलं होतं की विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये जून २०१६ मध्ये ईमेलद्वारे नेटवायर हे मालवेअर शिरलं. हल्लेखोराचा त्यावर २२ महिने ताबा होता. कळीची दहा पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली. त्यांतली काही वर्डच्या अशा आवृत्तीत बनली होती, जी त्या लॅपटॉपवर कधी नव्हतीच. पुढे नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या डिस्कबद्दलही याच संस्थेने असेच निष्कर्ष दिले. स्वामींबद्दलचा अहवाल डिसेंबर २०२२ चा आहे. ते ५ जुलै २०२१ लाच कोठडीत असताना गेले होते.

एनआयएला हे निष्कर्ष मान्य नाहीत. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत मालवेअर दिसलं नाही, असं तिचं म्हणणं आहे. निकाल न्यायालय देईल. पण दोन गोष्टी आपण आजच पाहू शकतो.

पहिली गोष्ट नेटवायरची. ते कालीसारखं खुलं अवजार नव्हतं. ते एका वेबसाइटवर पैसे घेऊन विकलं जात होतं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती वेबसाइट जप्त केली आणि ती चालवल्याच्या आरोपावरून क्रोएशियात एकाला अटक झाली. म्हणजे उद्या कालीवर बंदी घातली तरी असा हल्लेखोर अडत नाही. तो अवजार विकत घेतो. बंदीने अडतो तो हल्ला ओळखू शकणारा माणूस. १८५३ च्या त्या कुलपाच्या पुस्तकाचं म्हणणं इथे अक्षरशः लागू होतं.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. मुंबई-पुण्याचा खटला, आरोपींमध्ये आपल्या चळवळीतली माणसं, आणि डिस्क वाचायला जावं लागलं मॅसॅच्युसेट्सला. त्या संस्थेने ते काम फुकट केलं, हे त्यांचे उपकार. पण दर वेळी कुणी परोपकारी मिळेलच असं नाही. आपल्याकडे वकील तयार झाले, कारण बाबासाहेबांनंतर कायदा वाचणं ही आपली गरज आहे हे समाजाला कळलं. आता न्यायालयात पुरावा म्हणून पेन ड्राइव्ह, मोबाईल आणि लॅपटॉप येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा अंगठा. आत एक अक्षर जरी बदललं तरी तो बदलतो. हा अंगठा पडताळणारी आज्ञा कुठल्याही लिनक्समध्ये असते. कालीत तर फॉरेन्सिक मोड आहे. त्यात सुरू केलं की तो संगणकाच्या मूळ डिस्कला आपणहून हात लावत नाही, त्यामुळे पुराव्याला धक्का बसत नाही. हे वाचता येणारे दहा तरुण जिल्ह्यात असले तर वकिलाच्या मागे किती मोठी ताकद उभी राहील?

फुकट आहे, पण सर्वांसाठी आहे का?

खुल्या सॉफ्टवेअरचे गोडवे गाताना डोळे मिटायचं कारण नाही. डाउनलोड फुकट आहे, पण ते चालवायला बरा लॅपटॉप लागतो. पुस्तक फुकट आहे, पण इंग्रजीत आहे. नोकरीसाठी लागणाऱ्या ओएससीपीची फी लाखाच्या वर जाते. दार उघडं ठेवलं आणि पायरी कमरेएवढी उंच केली, तर आत कोण जाणार हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हणून काम आपल्यालाच करायचं आहे. अभ्यासिकेत एक जुना लॅपटॉप यासाठी ठेवता येईल. पण सुरुवात कालीने करू नका. आधी साधं डेबियन किंवा उबंटू, मग नेटवर्कची मूळ माहिती आणि त्यानंतर आपल्याच यंत्रावर, बाहेरच्या नेटवर्कपासून तोडून, सरावासाठी मुद्दाम कच्ची बनवलेली मेटास्प्लॉइटेबल ही प्रणाली. मराठीत टिपणं काढा आणि पुढच्या बॅचला द्या. आणि एक गैरसमज सोडा. काली वापरल्याने तुम्ही सुरक्षित होत नाही. ते ढाल नव्हे. रोजच्या वापरासाठी ते बनवलेलंच नाही. कार्यकर्त्यांच्या सुरक्षेसाठी अनोळखी ईमेलमधली फाईल न उघडणं आणि वेळेवर अपडेट करणं हे शंभर अवजारांपेक्षा मोलाचं आहे. विल्सन यांच्या बाबतीतही सुरुवात एका ईमेलनेच झाली, असं तो अहवाल सांगतो.

त्या संध्याकाळी आम्ही शेवटी असं ठरवलं की लॅपटॉप बंद करायचा नाही, पण नियम लिहून भिंतीवर लावायचे. आपलं यंत्र किंवा लेखी परवानगी, याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. जे शिकलो ते वहीत लिहायचं. काकांनी नियम वाचून खाली स्वतः सही केली. दुसऱ्या दिवशी तेच विचारत होते, "माझ्या मोबाईलमध्ये कुणी शिरलंय का, ते कसं बघायचं?"

प्रश्न विचारायला सुरुवात झाली आहे. उत्तर देणारे आपल्यातून तयार झाले पाहिजेत.

जय भीम!